न विचारलेला दोष

जालन्यात 'एमएच २१' पाटीची जुनी कार विकायला उभी आहे. पॉलिश ताजे, सीटकव्हर नवे. गिऱ्हाईक ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन येते, टायरला लाथ मारून पाहते. गाडी कुठे ठोकली होती, हे मात्र फक्त मालकाला ठाऊक. त्याने न विचारता सांगावे का?

हा प्रश्न मोटारींहून फार जुना. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा वाद मांडला. घर विकताना डायोजिनिसच्या मते कायदा मागेल तेवढेच दोष सांगावेत. अँटिपेटरच्या मते सगळेच. सिसेरोने अँटिपेटरची बाजू घेतली.

महाभारताच्या शांतिपर्वात तर तपस्वी जाजलीला धर्म शिकवतो तो काशीचा व्यापारी तुलाधार. त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा.

मौनाची किंमत बाजारही मोजतो. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेतले. चांगली-वाईट गाडी ओळखता येत नसेल, तर गिऱ्हाईक सगळ्यांनाच पडता भाव देते. मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातच येत नाही. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

जालना बियाणे उद्योगाचा जिल्हा. तिथेही हाच पेच: बी उगवेल की नाही, हे शेतकऱ्याला पेरल्यावरच कळते. म्हणून १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या पिशवीवर किमान उगवणशक्ती छापायला लावली.

जुन्या गाडीच्या काचेवर असे लेबल नसते. ठोकल्याचे सांगायचे की गिळायचे, हे मालक हातातला चहा संपेपर्यंत ठरवतो.