पाहुणा होऊन जा

(वाचन: लूककृत शुभवर्तमान, अध्याय 10, वचनें 1 ते 9)



8 ऑक्टोबर 2025 रोजीं पनवेल तालुक्यांत नव्या विमानतळाचें उद्‌घाटन झालें. आतां कोनसारख्या गांवच्या शाळकरी मुलासही परदेश दाराशीं आल्यासारखा वाटेल. हायस्कुलांतील मुलांस परमुलखीं कुटुंबांत ठेवणाऱ्या संस्था आहेत. त्यांपैकीं एएफएस ही पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिकांस वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था; 1947 पासून तिनें शाळकरी मुलांची देवघेव आरंभिली. एकमेकांच्या चुलीपाशीं बसलेलीं मुलें पुढें सहजासहजीं शत्रु होत नाहींत, हा त्यांतील हेतु.

परंतु जावें तें कोणत्या मनानें? प्रभूनें सत्तर शिष्यांस पाठविलें तें थैलीवांचून. पुढें जें वाढतील तें खा, असें सांगितलें, आणि मग रोग्यांस बरें करण्याची आज्ञा दिली. हा क्रम ध्यानांत घ्या. ज्याची सेवा करावयाची, त्याच्या भाकरीचे ऋणी अगोदर व्हावें.

हा क्रम मोडला म्हणजे सेवेचा बाजार होतो. पैसे घेऊन तरुणांस दोन आठवडे परदेशच्या अनाथालयांत नेणारे धंदे हल्लीं निघाले आहेत. मूल माया लावतें, पाहुणा निघून जातो, दुसरा येतो. त्या लेंकराच्या वांट्यास पुनः पुनः ताटातूट येते. ज्याला वीट रचतां येत नाहीं तो भिंत बांधतो, आणि गांवचा गवंडी रिकामा बसतो.

याउलट उदाहरण पाहा. 1883 सालीं अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या. पूर्वीं त्यांच्या पतीनें एका मिशनऱ्याकडे साहाय्य मागितलें, तेव्हां ख्रिस्ती होण्याचा उपदेश मिळाला होता. रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं मात्र अशी कोणतीही अट न घालतां त्यांस आपल्या घरांत घेतलें. आनंदीबाई हिंदूच राहिल्या, 1886 मध्यें डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी 1887 मध्यें पुण्यास निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आली, आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेवली गेली. उपदेशानें जें घडलें नाहीं तें आदरातिथ्यानें घडलें: परकी मुलगी घरची झाली. आपण ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांनीं हें मनांत धरावें. पाहुणा हा आपल्या मताचा सावज नव्हे.

कोणी म्हणेल, आमचीं मुलें विमानांत कधीं बसावयाचीं? बंधूंनो, परमुलूख आपल्या वेशीशींच आहे. पनवेलभोंवतीं इमारती उभारणारे मजूर दूरदूरच्या प्रांतांतून आले आहेत. त्यांचें लेंकरूं तुमच्या मुलाच्या वर्गांत असेल, तर त्याला या रविवारीं जेवावयास बोलवा. त्याच्या भाषेंतील चार शब्द शिका. आणि त्याच्या आईनें बोलाविलें तर तुम्हीही जाऊन जेवा. हें ज्याला साधलें, तोच परदेशीं पाठविण्यास योग्य झाला.

प्रभु आपल्या मुलांस मोकळ्या हातांनीं जाण्याचें व कृतज्ञ मनानें परतण्याचें शहाणपण देवो. आमेन.