बिऱ्हाड आणि घर

‘बिऱ्हाड’ आणि ‘घर’ हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. तरी त्यांच्यात एक अंतर आहे. बिऱ्हाड थाटता येते, हलवता येते, प्रसंगी पाठीवर घेऊन फिरताही येते. घराला मात्र मूळ धरावे लागते. पोटासाठी, शिक्षणासाठी किंवा मुलाबाळांच्या भवितव्यासाठी परक्या महानगरात गेलेल्या माणसाचे बिऱ्हाड घर केव्हा होते? भाडेकरारावर सही झाली म्हणजे? कर्ज फिटून जागा नावावर लागली म्हणजे? की त्यासाठी आणखी काही घडावे लागते? आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांची मुले आज दूरदेशी राहतात. म्हणून हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा राहिलेला नाही.

तो तपासून पाहण्यासाठी न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागाइतकी योग्य जागा शोधूनही सापडणार नाही. न्यूयॉर्क शहराचे पाच विभाग आहेत. त्यांना तेथे ‘बरो’ म्हणतात. त्यांपैकी क्वीन्सची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार सुमारे २४ लाख आहे आणि तीतील जवळजवळ निम्मे लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले आहेत. तेथे शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवरून उंच खांबांवर धावणाऱ्या सात क्रमांकाच्या गाडीत बसले, की एका डब्यात कोलंबियाची आजी, तिबेटी विद्यार्थी, बांगलादेशी कामगार आणि चिनी दुकानदार शेजारी शेजारी दिसतात. पाहुण्याला हे दृश्य मोहक वाटते. परंतु शेजारी बसणे आणि शेजारी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

या विविधतेमागचा इतिहास मुळीच मोहक नाही. याच विभागातील जॅक्सन हाइट्स ही वस्ती क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने वसवली. १९०९ मध्ये मॅनहॅटनला जोडणारा पूल झाला, १९१७ मध्ये रेल्वे पोहोचली, आणि मध्यभागी बाग व भोवती इमारती अशी देखणी घरे तेथे उभी राहिली. बागेची कल्पना उदात्त होती. पण त्या बागेत ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. घरांच्या करारांतच तशा अटी घातल्या जात. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावर आधारलेल्या अशा अटींची न्यायालयांमार्फत अंमलबजावणी करता येणार नाही असे ठरवले, आणि १९६८च्या कायद्याने घर देताना वर्ण, धर्म वा मूळ देश पाहून भेदभाव करण्यास मनाई केली. दरम्यान १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला व आशियातील लोकांना अमेरिकेची दारे उघडली. त्यानंतर आलेल्या भारतीय डॉक्टर-इंजिनियरांपैकी पुष्कळांनी आपली पहिली बिऱ्हाडे क्वीन्समध्येच थाटली. जी वस्ती निवडक लोकांसाठी म्हणून बांधली गेली, तिच्या चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर पुढे साड्यांची, सोन्याची आणि मसाल्यांची दुकाने लागली. एकेकाळी करारात लिहिलेले ‘तुम्ही नको’ हे शब्द खोडायला जवळजवळ अर्धे शतक लागले, हे त्या दुकानांच्या झगमगाटात विसरता कामा नये.

नव्याने आलेला माणूस तेथे घर शोधतो कसे? घरमालक बहुधा मासिक भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्नाचा पुरावा मागतो. कर्जफेडीचा पूर्वेतिहास तपासतो. काल विमानातून उतरलेल्या माणसाला इतिहास असतो, पण तो त्या देशाच्या दप्तरात नसतो. मग कोणीतरी ‘आपला’ माणूस हमी देतो, एखादी खोली दाखवतो, चार दिवस स्वतःच्या घरी ठेवून घेतो. म्हणून आपल्या माणसांचा आधार शोधणाऱ्याला संकुचित म्हणणे अन्यायाचे होईल. परक्या भाषेत दिवसभर ओठ मिटून वावरलेल्या बाईला संध्याकाळी स्वतःच्या भाषेत रडता येणे, ही साधी गरज आहे. रोप नव्या जमिनीत लावतानाही मुळांशी जुनी माती ठेवावी लागते.

तथापि आपलेपणाला दुसरी बाजू आहे. ज्याला हमी मिळत नाही, ज्याचे कागद अपुरे आहेत, त्याला बेकायदेशीर तळघरात जागा मिळते. ती देणारा पुष्कळदा स्वतःही काही वर्षांपूर्वी आलेला, कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी धडपडणारा स्थलांतरितच असतो. १ सप्टेंबर २०२१च्या रात्री ‘आयडा’ वादळाच्या उरलेल्या ढगांनी न्यूयॉर्कवर अभूतपूर्व पाऊस ओतला. त्या रात्री शहरात जे बळी गेले, त्यांतले बहुतेक क्वीन्समधील तळघरांत राहणारे होते. रस्त्यावरचे पाणी काही मिनिटांत आत शिरले आणि बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. त्या माणसांना छप्पर होते, भाडे भरल्याच्या पावत्याही असतील. त्यांना घर होते का?

तळघर ही केवळ घरमालकांची सोय नाही. ती मनाचीही एक सवय आहे, आणि आपण कॅथलिकही तीतून सुटलेलो नाही. न्यूयॉर्कच्याच मॅनहॅटन भागात, पूर्व हार्लेममध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन स्थलांतरितांनी स्वतःच्या घामाने माउंट कार्मेल मातेचे चर्च उभारले. परंतु त्याच चर्चमध्ये कित्येक वर्षे त्यांची उपासना खालच्या तळघरात होत असे. वरचा भाग आधी येऊन स्थिरावलेल्यांचा होता. वेदी एक, श्रद्धा एक, तरी मधे एक जिना होता. आधी आलेल्याने नंतर आलेल्याला जिन्याखाली बसवावे, हा माणसाचा जुना मोह आहे. धर्म एक असल्याने तो आपोआप नाहीसा होत नाही.

यावर कोणी म्हणेल, महानगरात याहून अधिक अपेक्षा ठेवूच नये. कोणी कोणाच्या वाटेला जाऊ नये, कोणी कोणाला आपला धर्म वा गाव विचारू नये, इतके साधले तरी पुष्कळ. या म्हणण्यात तथ्य आहे. गावाच्या नजरेखाली गुदमरून बाहेर पडलेल्या कित्येकांना शहराच्या या अलिप्ततेनेच प्रथम मोकळा श्वास दिला. न विचारणे हाही आदराचा एक प्रकार आहे. शिवाय न्यूयॉर्क शहराचा मानवी हक्कांचा कायदा धर्म, वर्ण, मूळ देश, इतकेच काय, स्थलांतरिताचा कायदेशीर दर्जा यांवरूनही घर नाकारू देत नाही. पण कायदा दार उघडून देऊ शकतो. पुराच्या रात्री खालच्या खोलीचे दार ठोठावायला तो येत नाही. त्यासाठी खाली कोण राहते हे वरच्याला ठाऊक असावे लागते. सहिष्णुता माणसाला जागा देते. शेजारधर्म त्याची दखल घेतो. पहिलीवाचून दुसरा संभवत नाही, परंतु पहिलीलाच दुसरा मानून समाधान पावणे धोक्याचे आहे.

क्वीन्सच्याच मातीत याचा एक जुना दाखला आहे. सतराव्या शतकात हा प्रदेश डचांच्या ताब्यात होता. गव्हर्नर पीटर स्टाइव्हसंट याने क्वेकर पंथीयांना आसरा देणाऱ्यांस दंड करण्याचा हुकूम काढला. तेव्हा २७ डिसेंबर १६५७ रोजी फ्लशिंग गावच्या तीस रहिवाशांनी त्याला लेखी निवेदन दिले, की हा हुकूम आमच्या सदसद्विवेकाला मानवणारा नाही. आमच्या दाराशी सद्भावाने येणाऱ्याला आम्ही घालवून देऊ शकत नाही. त्यांतील कोणीही स्वतः क्वेकर नव्हते. त्या निवेदनात ज्यू आणि तुर्क यांचाही उल्लेख आहे. सही करणाऱ्यांपैकी काहींना अटक झाली. पुढे १६६२ मध्ये जॉन बाऊन या गावकऱ्याने आपल्या घरात क्वेकरांच्या सभा भरू दिल्या म्हणून त्याला पकडून हद्दपार करण्यात आले. त्याने हॉलंडमध्ये कंपनीच्या धुरिणांकडे दाद मागितली, आणि १६६३ मध्ये त्यांनी स्टाइव्हसंटला लोकांच्या श्रद्धेत ढवळाढवळ करू नये असे कळवले. बाऊनचे घर आजही उभे आहे. त्याच्या नावाच्या रस्त्यावर १९७७ मध्ये गणपतीच्या मंदिराची प्रतिष्ठापना झाली. सही करणाऱ्या त्या तीसजणांना गणपती ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तरी त्यांनी उघडे ठेवलेले दार किती जणांच्या उपयोगी पडले!

ही माणसेही मूळची तेथली नव्हती. समुद्र ओलांडून आली होती. त्यांचे बिऱ्हाड घर कधी झाले, असे विचारले तर मी म्हणेन, दुसऱ्याच्या आसऱ्यासाठी त्यांनी स्वतःचा आसरा धोक्यात घातला त्या दिवशी. ज्या जागेविषयी आपण फक्त हक्क सांगतो, तेथे आपण अजून बिऱ्हाडकरूच असतो. तेथल्या परक्या माणसाविषयी आपल्याला जबाबदारी वाटू लागली, की तेथे आपले मूळ धरले असे समजावे. ‘माझा शेजारी कोण?’ असे शास्त्र्याने विचारले, तेव्हा प्रभू येशूने व्याख्या सांगितली नाही. दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि शेजारी कोण ठरला हे त्याच्याच तोंडून वदवले.

हा निकष दूरच्या क्वीन्सला लावून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मुंबईतही एकेका समाजापुरत्या गृहनिर्माण संस्था आहेत. त्यांत आपल्या समाजाच्याही आहेत. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. लहान समाजाने आपली वस्ती, आपली प्रार्थना, आपली भाषा टिकवू पाहणे समजण्यासारखे आहे. पण कायद्याने चालते तेवढ्याने नीतीचा प्रश्न मिटत नाही. परदेशी आपल्या मुलाला नाव वा वर्ण पाहून कोणी खोली नाकारली तर आपले मन पेटून उठते. तोच संताप, आपल्या इमारतीतील रिकामी खोली पाहायला कोणी परका येऊन निराश परततो तेव्हा, आपल्या मनात कितपत उमटतो?

परदेशी गेलेल्या मुलांना फोनवर आपण पहिल्यांदा विचारतो, ‘जवळपास आपले कोणी आहे का?’ मायेपोटी आलेला हा प्रश्न विचारावाच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेऊ या: ‘शेजारी कोण राहते, आणि त्यांचे नाव काय?’ वर्ष लोटले तरी या प्रश्नाला उत्तर नसेल, तर जागा कितीही प्रशस्त असो, ते अजून बिऱ्हाडच आहे.