दोन भाषा, एक धातू

अरबी आणि तागालोग या दोन भाषा शेजारी ठेवून त्यांचा विचार करावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारण तुलनात्मक भाषाशास्त्राचा जो राजमार्ग गेल्या दोन शतकांत रुळला, तो सगोत्र भाषांमधून जातो, आणि या दोघींचे गोत्र मुळीच एक नाही. अरबी ही हिब्रू आणि अरमाईक यांच्या सेमिटिक कुळातली. तागालोग ही फिलिपीन द्वीपसमूहातील लुझोन बेटावर, मनिलाच्या आसमंतात वाढलेली, आणि मलायी, जावानी, किंबहुना आफ्रिकेच्या दाराशी असलेल्या मादागास्करच्या मालागासीपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुळातली. तरीही ही तुलना मला मोलाची वाटते. सगोत्र भाषांत दिसणारे साम्य वारशाने आले की उसनवारीने, हे ठरवण्यातच अभ्यासकाची निम्मी शक्ती खर्ची पडते; जेथे वारसा एक असण्याचा संभवच नाही, तेथे एका भाषेने दुसरीपासून काय घेतले आणि काय घेतले नाही, हे लख्ख दिसते, आणि भाषेचे स्वत्व नेमके कशात असते या जुन्या वादावर त्याचा प्रकाश पडतो.

अरबीच्या घडणीची ओळख मराठी वाचकाला वाटते तितकी दूरची नाही. महसूल, तहसील आणि हशील हे तीन शब्द आपण मुलकी कारभारातून उचलले. पैकी तिसरा तर 'त्यात काय हशील?' असे विचारण्याइतका घरगुती झाला. हे तिन्ही शब्द अरबीत एकाच धातूचे आहेत. तो धातू म्हणजे ह, स, ल ही तीन व्यंजने; आणि विशेष असे, की हा धातू सुटा उच्चारता येत नाही. त्यात स्वर भरावे, मागेपुढे एखादा उपसर्ग लावावा, तेव्हा कुठे शब्द जन्मतो: हासिल म्हणजे निष्पन्न झालेले, महसूल म्हणजे गोळा झालेले उत्पन्न, तहसील म्हणजे गोळा करण्याची क्रिया. व्यंजनांत अर्थाचे बीज आणि स्वरांच्या साच्यात त्याचे व्याकरण, अशी ही विभागणी इतकी नियमबद्ध आहे, की आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदाने अरबीचा कोश रचायला घेतला तेव्हा त्याने धातूंचाच पाया धरला, आणि वर्णांचा क्रम कंठातून निघणाऱ्या ध्वनीपासून ओठांपर्यंत लावला. आपल्या वर्णमालेचा क्रमही कंठापासूनच सुरू होतो.

तागालोगमध्ये मूळ शब्द असा अदृश्य नसतो. तो सबंध असतो, उच्चारता येतो, आणि बहुधा दोन अक्षरांचा असतो. 'बिली' म्हणजे खरेदी. या शब्दाच्या पोटात पहिल्या व्यंजनानंतर 'उम्' घातला की 'बुमिली', म्हणजे विकत घेतले. त्याच जागी 'इन्' घातला की 'बिनिली', आणि आरंभीचे अक्षर दुणावले की 'बिबिली', म्हणजे विकत घेईल. शब्दाच्या मध्यभागी प्रत्यय घालण्याची ही तऱ्हा अरबीलाही सर्वस्वी अपरिचित नाही. 'जमा' ज्या धातूचा, त्याच धातूच्या पहिल्या व्यंजनानंतर 'त' घालून 'इज्तिमा', म्हणजे मेळावा, तयार होतो. परंतु अरबीचा प्रत्यय जेथे शिरतो तेथे स्वरांची सारी घडी बदलते. तागालोगचा प्रत्यय शिरल्यावरही 'बिली'चे स्वर जागच्या जागी राहतात.

तागालोग क्रियापदाचे खरे वैभव मात्र प्रयोगांत आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही. आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शाळेत शिकतो. एखाद्या बाईने बाजारातून मासळी विकत घेतली, एवढ्या साध्या घटनेसाठी तागालोगमध्ये क्रियापदाची निदान पाच रूपे होतात: बाईविषयी बोलायचे तर 'बुमिली', मासळीविषयी बोलायचे तर 'बिनिली', जेथून घेतली त्याविषयी 'बिनिल्हान', जिच्यासाठी घेतली तिच्याविषयी 'इबिनिली', आणि ज्या पैशाने घेतली त्याविषयी 'इपिनांबिली'. पाणिनीय परिभाषेत सांगायचे तर संस्कृत क्रियापद कर्ता किंवा कर्म अभिहित करून थांबते. अपादान, संप्रदान आणि करण ही कारकेही क्रियापदानेच अभिहित करण्याचा पराक्रम या बेटांवरच्या भाषेने केला. पेद्रो चिरिनो या जेझुइट पाद्र्याने १६०४ मध्ये रोम येथे छापलेल्या आपल्या वृत्तांतात हिब्रू, ग्रीक, लॅटिन आणि स्पॅनिश या चारही भाषांचे गुण तागालोगमध्ये एकवटले आहेत असे लिहिले, ते भक्तीच्या भरात लिहिले असेल. पण जिंकलेल्या प्रजेच्या भाषेला अशी दाद देणारे मन उदार होते, यात शंका नाही.

इतर भेद चटकन सांगता येतील. अरबी 'तू' म्हणतानाही समोर पुरुष आहे की स्त्री ते पाहते. तागालोगमध्ये 'तो' आणि 'ती' या दोहोंना मिळून 'सिया' हा एकच शब्द. अरबीत द्विवचन आहे. तागालोगमध्ये ते व्याकरणाचे अंग नाही, पण ऐकणाऱ्याला वगळणारा 'कामी' आणि त्याला सामावून घेणारा 'तायो' असा भेद आहे, जो आपण 'आम्ही' आणि 'आपण' यांत करतो आणि जो अरबीला ठाऊक नाही.

या दोन भाषा इतिहासात भेटल्या त्या दोन वाटांनी. त्यांच्याही आधी संस्कृत तेथे पोहोचली होती. लागुना प्रांतात सापडलेल्या ताम्रपटावर शके ८२२ च्या वैशाख वद्य चतुर्थीची मिती आहे, आणि 'गुरो', 'मुखा', 'दुखा' हे शब्द तागालोगमध्ये आजही नांदतात. मग मलायी व्यापाऱ्यांच्या आणि धर्मोपदेशकांच्या मुखातून अरबी शब्द आले. १५७१ मध्ये स्पॅनिश सेनानी लेगास्पीने मनिला घेतली तेव्हा तेथल्या तरुण राजाचे नाव सुलेमान होते. त्या काळची ठेव म्हणून आभार मानताना तागालोग माणूस 'सालामात' म्हणतो; मद्याला 'आलाक' म्हणतो, जो आपल्या 'अर्क' शब्दाचा सख्खा भाऊ; आणि 'अक्कल' त्याच्याकडे 'आकाला' होऊन समजूत किंवा कल्पना या अर्थाने वावरते. दुसरी वाट पश्चिमेची. अरबांनी स्पेनमध्ये सोडलेले शब्द स्पॅनिश सत्तेबरोबर जहाजांतून मनिलास उतरले. न्यायाधीशाला तागालोगमध्ये 'हुकोम' म्हणतात, तो शब्द पूर्वेकडून आला, आणि नगराध्यक्षाला 'आल्काल्दे' म्हणतात, तो मुळात अरबीतला 'अल्-काजी', अर्धी पृथ्वी ओलांडून उलट दिशेने आलेला. एकाच संस्कृतीचे दोन न्यायाधिकारी परस्परांची ओळख विसरून एका भाषेत शेजारी राहिले.

लिपींची गोष्टही अशीच विलक्षण आहे. अरबी लिपी व्यंजने लिहिते आणि ऱ्हस्व स्वर वाचणाऱ्यावर सोडते, जे धातुप्रधान भाषेला शोभतेच. तागालोगची जुनी लिपी, बायबायिन, ही ब्राह्मीच्या विस्तृत परिवारातली; तिच्या प्रत्येक व्यंजनात 'अ' गृहीत, आणि वर किंवा खाली खूण करून इतर स्वर दाखवायचे; परंतु अंत्य व्यंजन लिहिण्याची सोयच नव्हती. अरबीत जो शब्द ह, क, म एवढाच लिहिला जातो, तो बायबायिनमध्ये 'हुको' असा उमटे. १६२० च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेस या पाद्र्याने व्यंजनाखाली क्रूस काढून त्याचा स्वर लोपवण्याची युक्ती सुचवली, म्हणजे आपला पायमोडच. पण लोकांनी ती स्वीकारली नाही.

आता त्या 'हुकोम'कडे पुन्हा पाहावे. ह, क, म या धातूपासून अरबीत हुक्म, हाकिम, हकीम, हिकमत, हुकूमत असा मोठा परिवार होतो, आणि न्यायालयाला म्हणतात 'महकमा', कारण स्थलवाचक शब्दाचा साचाच तसा आहे. मराठीने यांतले कित्येक शब्द घेतले, पण हुकूम आणि हिकमत यांचे नाते मराठी कानाला ऐकू येत नाही. साचा घेतलाच नाही, म्हणून साच्यातून निघालेले शब्द सुटे पडले. तागालोगने 'हुकोम' तेवढा घेतला आणि त्याला आपल्या व्याकरणाच्या स्वाधीन केले: पोटात 'उम्' घालून 'हुमुकोम', म्हणजे निवाडा केला, अक्षर दुणावून 'पागहुहुकोम', म्हणजे निवाडा करण्याचे कार्य, आणि ख्रिस्ती श्रद्धेतील अंतिम न्यायही, आणि शेवटी स्थलवाचक 'आन' जोडून 'हुकुमान', म्हणजे न्यायालय. अरबीने ज्या धातूचे न्यायालय एका रीतीने बांधले, त्याच धातूचे न्यायालय तागालोगने सर्वस्वी निराळ्या रीतीने बांधले, आणि एकीचे दुसरीला ठाऊक नव्हते. आपणही 'बदल' आणि 'खर्च' घेऊन बदलणे, बदलवणे, खर्चणे अशी क्रियापदे केलीच. आपल्याकडे भाषाशुद्धीचा वाद पेटला तेव्हा सावरकरांच्या बाजूचा आवेश मला समजू शकतो, पण उसना शब्द आपल्या व्याकरणात रुळला की तो आपलाच होतो, हे मला अधिक पटते.

फिलिपीनच्या १९८७ च्या राज्यघटनेने स्पॅनिश आणि अरबी या भाषांना ऐच्छिक स्वरूपात उत्तेजन द्यावे असे सांगितले आहे, आणि दक्षिणेकडील मुस्लिम प्रजेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. त्याच घटनेच्या फिलिपिनो भाषेतील मजकुरात सर्वोच्च न्यायालयाचे नाव येते 'काताआस-ताआसांग हुकुमान'. उंचीवाचक 'ताआस' दोनदा घेऊन साधलेला अतिशय, विशेषण जोडणारा 'ङ्' आणि स्थलवाचक 'आन' ही सारी जोडणी तागालोगची आहे. अरबी आहेत ती फक्त मधली तीन व्यंजने.