ठरलेले युद्ध आणि न ठरलेला अर्जुन

इ.स. 524च्या सुमारास इटलीत बोएथियस हा मोठा रोमन अधिकारी कैदेत मरणाची वाट पाहत होता. राजा थिओडोरिकने त्याच्यावर राजद्रोहाचा आळ घेतला होता. दुसरा कुणी दयेचा अर्ज लिहीत बसला असता. याने तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला. त्याच्या शेवटच्या भागातला प्रश्न असा: मी उद्या काय करणार हे देवाला आजच ठाऊक असेल आणि देव चुकत नसेल, तर उद्या मी वेगळे काही करूच कसे शकतो? मग पापपुण्याचा हिशेब कशाचा आणि प्रार्थना कशासाठी?

त्याचे उत्तर असे, की देवाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ नसते. सगळा काळ त्याच्यापुढे एकदमच मांडलेला. तो भविष्य वर्तवत नाही, पाहतो. आपल्याला सूर्य उगवताना दिसतो आणि एक माणूस चालतानाही दिसतो. सूर्याला उगवणे भाग आहे, माणूस मर्जीने चालतो; आपण पाहिले म्हणून त्याच्या पायांत बेडी पडत नाही.

युक्तिवाद देखणा आहे. पण उद्याचा दिवस दिसायचा, तर तो कुठेतरी असायलाच हवा ना! गाठ सुटलेली नाही, देवावरून काळावर सरकली आहे एवढेच. 1908 साली गणितज्ञ मिन्कोव्स्कीने स्थळ आणि काळ एकत्र विणले आणि काल-उद्या एकाच पटावर आले, तेव्हा हाच पेच देव न मानणाऱ्यांच्याही वाट्याला आला. त्यापेक्षा चौदाव्या शतकातला ज्यू विचारवंत गेर्सोनिडीज मला सरळ वाटतो. माणूस ऐनवेळी काय निवडेल ते देवालाही आधी ठाऊक नसते, असे त्याने मानले.

गीतेतला देव नुसता पाहणारा नाही. अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवताना कृष्ण स्वतःलाच काळ म्हणवतो. भीष्म-द्रोण त्याने आधीच मारलेले आहेत, अर्जुन फक्त निमित्त. निकाल दाखवून झाला, तरी तो आणखी सात अध्याय समजूत घालत राहतो. कशाला? अठराव्यात तर कमालच आहे. लढायचे नाही म्हणालास तरी तुझा स्वभाव तुला लढायला लावील, असे बजावतो आणि तीनच श्लोकांनंतर म्हणतो, नीट विचार कर आणि मग तुला हवे ते कर.

विसंगती म्हणून हे सोडून द्यावेसे वाटते. पण अकराव्यातच तो हेही सांगून गेला आहे, की तू नसलास तरी हे योद्धे वाचणार नाहीत. विराट मुखात शिरणाऱ्यांत कौरव आहेत, कर्ण आहे, पांडवांकडचे वीरही आहेत. अर्जुनाला त्या दर्शनात धनुष्य उचलणारा अर्जुन मात्र कुठे दिसत नाही.