अभेदाची दया आणि भेदाचे ज्ञान

काशीहून रामेश्वरास न्यावयाच्या कावडीतील गंगोदक तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणाऱ्या एकनाथांची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली गेली, आणि तृषार्तास पाणी पाजणे हे पुण्यकर्म होय, याविषयी आपल्या मनात संदेह उरला नाही. परंतु तेच पाणी देहाबाहेर टाकता न आल्याने कासावीस झालेला प्राणी समोर आला, की ती वेदना अमंगळ मानलेल्या अवयवाची म्हणून आपण दृष्टी वळवितो. अवयव पाहून संकोचणाऱ्या दयेस भूतदया म्हणावे काय?

मूत्रमार्ग तुंबलेला बोका वारंवार मातीत बसून कुंथतो, घरची मंडळी बद्धकोष्ठ समजतात, आणि इकडे रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाची गती मंदावते व दोनतीन दिवसांत प्राण जातो. त्या मुक्या जिवाने आपली कैफियत कोणापुढे मांडावी? त्याचे मुखत्यार आपणच.

मात्र मुखत्याराला केवळ कळवळा पुरत नाही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या कुत्र्याचे मूत्राशय शिथिल पडले असता त्याच्या भिंतीतील स्नायूंना चेतविणारे बेथानेकॉल उपयोगी पडते खरे, परंतु निर्गमाचा मार्ग बंद असताना ते दिल्यास कोंडलेल्या मूत्राचा दाब वाढून मूत्राशय फुटण्याचे भय असते. म्हणून खडा अडकला असेल तर नळी घालून तो आधी दूर करावा लागतो, आणि मूत्राशयाच्या मुखाशी असलेले स्नायूंचे वेटोळे आवळले गेले असेल तर प्राझोसिन वा फिनॉक्सीबेन्झामिन देऊन ते सैल करावे लागते. त्याच्या बाहेरच्या बाजूचे दुसरे वेटोळे सैलावण्यास कुत्र्याला दिले जाणारे डायझेपाम मांजराच्या पोटात गेले, तर क्वचित यकृत निकामी होऊन ते दगावते. आणि आपला ज्वर उतरविणारी पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला साक्षात विष आहे.

सर्वांभूती एकच चैतन्य पाहणे हा आपल्या धर्मविचाराचा गाभा आहे, आणि तो मला मनोमन मान्य आहे; तथापि वेदनेत जो अभेद आहे तो देहरचनेत नाही, आणि हा भेद जाणून न घेता ‘मला मानवते ते त्यालाही मानवेल’ असे धरून चालणारी दया, तिचा हेतू कितीही निर्मळ असो, घातक ठरते. अभेदाने दया उपजते, भेदाच्या ज्ञानाने ती सफल होते.

म्हणून वाचकहो, आपला बोका कुंथतो आहे आणि थेंबही पडत नाही असे दिसताच घरातील गोळीकडे हात नेऊ नका. त्याच दिवशी त्याला पशुवैद्याकडे न्या.