शिक्षा

परवा दिवेलागणीला कट्ट्याच्या आमच्या घरी नातू पडवीत बसून हिंदीचा धडा वाचत होता. मध्येच थांबून म्हणाला, “आजोबानू, हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणां. मगे आपल्यात शिक्षा म्हणजे मार कित्याक?”

मी ३० वर्षे मास्तरकी केलेली. पण उत्तर काही चटकन सुचेना.

मुळात शब्द एकच. संस्कृतातला ‘शिक्ष्’ हा धातू ‘शक्’पासून, म्हणजे ‘करता येणे’ यापासून आला. एखादी गोष्ट आपल्याला करता यावी, अशी इच्छा धरणे ही शिक्षा! वेदांच्या ६ अंगांत शिक्षा हे उच्चाराचे शास्त्र, आणि तैत्तिरीय उपनिषदात तर आख्खी शीक्षावल्लीच आहे. हिंदीने तो शिकण्याचा अर्थ जपला. मराठीत आणि शेजारच्या कानडीत मात्र त्याचा दंड झाला.

म्हणून हिंदीवाले आपल्याहून मायाळू ठरत नाहीत. आपण रागावलो की ‘धडा शिकवीन’ म्हणतो, तेही ‘सबक सिखाऊंगा’ म्हणतातच. मारले की माणूस शिकतो, ही समजूत कुठल्या एका भाषेची नव्हे.

पण ती खरी आहे का?

एका पावसाळ्यात एक पोरगा वर्गात उशिरा आला. मी काही न विचारता दोन छड्या दिल्या. व्हाळाला पाणी आले होते, ते ओसरेपर्यंत तो पलीकडे उभा होता, हे मला मागाहून दुसऱ्या मुलांकडून कळले. तो स्वतः बोलला नाही. पुढे पाणी चढले की तो तसाच घरी परतू लागला. म्हणजे पोरगा शिकला खरा. उशीर झाला तर शाळेत जाऊच नये, हे शिकला.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या माराला मनाई केली, हे बरे झाले. पण घरात, अंगणात आपला हात अजून उठतो. तेव्हा त्या जुन्या धातूलाच साक्षीला बोलवावे. काल जे येत नव्हते ते या शिक्षेने उद्या त्याला येईल का? येणार नसेल, तर तो नुसता आपला राग.

नातवाला मी व्हाळाची गोष्ट सांगितली. शीक्षावल्लीतला गुरू घरी निघालेल्या शिष्याला बजावतो, की आमचे चांगले असेल तेवढेच उचल, बाकीचे नको. त्या पोराला एवढे सांगायचे माझ्याकडून राहून गेले.