स्वहस्ते बांधलेले घर

गुजरातेत मोठ्या रस्त्यावरून गावाकडे जेथे फाटा फुटतो त्या जागेला, तेथे रोवलेल्या नावाच्या फळीवरून, पाटिया म्हणतात; आणि सुरतेच्या पूर्व अंगाला पर्वत नावाचे जे गाव शहराने आता आपल्यात सामावून घेतले आहे, त्याच्या फाट्यावर, म्हणजे पर्वत पाटियावर, खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या असंख्य कुटुंबांप्रमाणे आमचेही बिऱ्हाड गेली चाळीस वर्षे आहे. नावातला पर्वत दृष्टीस कोठेच पडत नाही. तापीच्या गाळाची सपाट जमीन, कापडाची गोदामे आणि पावसाळ्यात फुगणारी खाडी एवढाच आमचा भूगोल. अशा ठिकाणी जन्मलेल्या व रिंग रोडवरच्या एका कापडबाजारात जमाखर्च लिहिणाऱ्या माझ्या भाच्याने कोजागरीच्या रात्री, गच्चीवर दूध आटत असता आणि दुसऱ्या दिवशीच्या चंदनी पडव्यासाठी आणलेली घारी कोपऱ्यात झाकलेली असता, मला सांगितले की, दिवाळी आटोपताच तो कुलू जिल्ह्यातील बंजारच्या खोऱ्यात जाणार असून, तेथील हिवाळाभर, बर्फ पडत असताना, दगड आणि लाकूड यांचे एक लहानसे घर एकट्याने व स्वहस्ते बांधणार आहे.

मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवले. समोरच्याचे म्हणणे पुरते होण्यापूर्वीच त्यातली चूक हेरण्याची सवय त्या व्यवसायाने लागते. मी म्हणालो, "तेथे तुला जमीन मिळणार नाही. हिमाचलच्या १९७२ च्या कूळ व जमीनसुधारणा कायद्याचे ११८ वे कलम परप्रांतीयाला शासनाच्या परवानगीवाचून तेथे जमीन घेऊ देत नाही."

"ठाऊक आहे, मामा. जमीन एका बागवानाची आहे आणि त्याचीच राहणार. चैत्रात मी परत येईन, तो त्या घरात सफरचंदाच्या पेट्या ठेवील. मला घर बांधायचे आहे, मिळवायचे नाही."

हे उत्तर मला अपेक्षित नव्हते. मालकीच्या मोहावर मी जे बोलणार होतो ते सर्व निरुपयोगी झाले, आणि मी दुसरीकडून आरंभ केला.

"स्वहस्ते म्हणजे काय, याचा तू विचार केला आहेस का? तुझी कुऱ्हाड कोणी तरी घडवलेली. तिचे लोखंड कोणी तरी खाणीतून काढलेले. अमेरिकेत हेन्री थोरो १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधायला निघाला तेव्हा त्याने कुऱ्हाड उसनी घेतली होती, जमीन त्याचा मित्र एमर्सन याची होती, आणि सांगाडा उभा करण्याच्या दिवशी ओळखीपाळखीची मंडळी हात लावायला आली होती. आपल्या खानदेशात तरी धाब्याचे घर एकट्याने कधी कोणी बांधले? खांबावर तुळई चढवायची, तिच्यावर किलचण अंथरायची आणि वर खाऱ्या मातीचा थर चोपायचा, तर अर्धी गल्ली लागे. ती सावड होती. आज त्यांनी तुझ्याकडे यायचे, उद्या तू त्यांच्याकडे जायचे. एकट्याचे घर ही मुळातच एक चुकीची कल्पना आहे."

"मला कोणाची मदत होणार नाही असे मी म्हटलेच नाही," तो म्हणाला. "थोरोने तरी कोठे म्हटले? दुर्गाबाई भागवतांचा अनुवाद तुम्हीच मला दिला होता. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा त्या घराला अठ्ठावीस डॉलर आणि साडेबारा सेंट लागले, आणि त्यातला अर्धा सेंटही त्याने गाळला नाही. मामा, मी हिशेब लिहितो. या शहरात माझ्या डोक्यावरचे छप्पर, माझ्या नळाचे पाणी, माझ्या अंगावरचा सदरा हे किती माणसांकडून माझ्यापर्यंत येते, हे मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. ऋण आहे, पण धनको अज्ञात. तेथे मी ऋणी राहीनच, परंतु कोणाकोणाचा, ते मोजू शकेन. एवढेच मला हवे आहे."

कबूल केले पाहिजे की या वाक्याने मी थांबलो. ऋण नाकारणारा मनुष्य आणि ऋण मोजू इच्छिणारा मनुष्य यांत महदंतर आहे, आणि मी पहिल्याशी भांडत होतो. तथापि मोजणीच्या शुद्धतेविषयी मला फार दिवसांची एक शंका आहे, आणि ती मी त्याच्यापुढे मांडली. थोरोने आपल्या घरासाठी फळ्या विकत घेतल्या त्या जेम्स कॉलिन्स नावाच्या, रेल्वेमार्गावर राबणाऱ्या एका आयरिश मजुराची राहती झोपडी मोडून. सव्वाचार डॉलर दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते कुटुंब झोपडी रिकामी करून, सारा संसार एका गाठोड्यात बांधून, रस्त्याने चालते झाले, आणि आमचा थोरो खिळे उपटू लागला. सव्वाचार डॉलर त्याच्या हिशेबात आहेत. पण त्या रात्री कॉलिन्सची बायको आणि मूल कोठे निजली, त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? या गच्चीवरून दिसणाऱ्या प्रत्येक चाळीत एकेक कॉलिन्स राहतो, आणि त्याची झोपडी मोडून कोणाचे तरी चिंतन उभे राहावे हे मला आजही सहन होत नाही.

"तुमचे म्हणणे खरे आहे," भाचा बराच वेळ दुधाकडे पाहत राहून म्हणाला. "परंतु कॉलिन्सचे नाव तुम्हाला कळले कोणामुळे? थोरोने लिहिले म्हणून. ज्यांनी बोस्टनमध्ये त्याच काळी मोठी घरे बांधवून घेतली, त्यांनी कितीजणांच्या झोपड्या मोडल्या, हे त्यांनी लिहिले का? अपुरा हिशेब ठेवणाऱ्याला तुम्ही पकडता, कारण त्याने वही उघडी ठेवली."

मी म्हणालो की उघड्या वहीने अन्याय कमी होत नाही. तो म्हणाला की बंद वहीने तो दिसतही नाही. मी म्हणालो की दिसणे आणि निवारणे या भिन्न बाबी होत. तो म्हणाला की पहिलीवाचून दुसरी कोणी साधलेली त्याने पाहिली नाही. अशा रीतीने आम्ही त्या एकाच मुद्द्यावर इतका वेळ अडकून पडलो की दूध पातेल्याच्या बुडाला लागले.

मग मी एकदम हिवाळ्यावर आलो. खरे सांगायचे तर मला भय वाटत होते, आणि भयाला युक्तिवादाचे रूप देणे सोपे असते. "ज्यांचे ते डोंगर आहेत ते लोक हिवाळ्यात घर बांधत नाहीत. थंडीत मातीचा गारा गोठतो आणि उन्हात भुगा होऊन गळतो. ताजे तोडलेले लाकूड वाळताना पिळवटते. दहा बाय पंधराच्या छपरावर दोन फूट दबलेले हिम साचले तर ते सुमारे दोन टन भरते. रिचर्ड प्रोनेके अलास्कात एकटा राहायला गेला, तो पन्नाशी उलटलेला, हाताने निष्णात. त्याने १९६७ साली ओंडके तोडून ठेवले, आणि घर बांधले ते १९६८ च्या उन्हाळ्यात. शिवाय विमानातून टपाल आणि शिधा पोचवणारा मित्र त्याला होता."

"गाऱ्याची गरज नाही. तिकडे काठकुणी पद्धत आहे. देवदाराच्या तुळयांचा एक थर, सुक्या दगडांचा एक थर, कोपऱ्यात तुळया एकमेकींत गुंतवलेल्या. मध्ये चुना नाही, माती नाही. म्हणून जमीन हलली तर भिंत थोडी हलते आणि पुन्हा बसते. बंजारजवळचा चेहनीचा बुरूज १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात वरचे मजले गमावूनही उभा आहे. लाकूड बागवानाच्या मोडलेल्या गोठ्याचे आहे, म्हणजे पुरते वाळलेले. गोठा गुरांचा होता, मामा, कॉलिन्सचा नव्हता. आणि छपराचे काम हिम पडण्याआधी पुरे झाले नाही, तर मी बागवानाच्या घरी झोपेन आणि तसे लिहीन."

"पण हिवाळाच का?"

"कारण उन्हाळ्यात घर ही हौस असते."

काकासाहेब कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी हिंडले, आणि साताऱ्यात जन्मलेल्या त्या पुरुषाने ती यात्रा लिहिली ती गुजरातीत. पण ते तेथे राहिले नाहीत, खाली आले, माणसांत मिसळले, हेही मी त्याला सांगून पाहिले. "मीही चैत्रात येणारच आहे," एवढेच तो म्हणाला, आणि तो मुद्दा तेथेच संपला.

शेवटी मी ते बोललो जे प्रथमपासून मनात होते. माझी थोरली बहीण, त्याची आई, लिंबायतमध्ये दोन खोल्यांत राहते. मी म्हणालो, "आईच्या डोक्यावरचा पत्रा गळतो, आणि तू सफरचंदांसाठी घर बांधायला निघालास."

तो रागावेल असे मला वाटले होते. तो रागावला नाही. "तो पत्रा मी तीन पावसाळे दुरुस्त करवतो आहे. पैसे देतो, माणूस येतो, डांबर ओततो, जातो, पुन्हा गळते. वर चढून काय बिघडले ते पाहण्याइतके मला छप्पर कळत नाही. आजोबांनी अमळनेरच्या बाजूला किती घरे उभी केली म्हणून तुम्ही सांगता. त्यातले तुमच्या हातात काय आले आणि माझ्या हातात काय आले?"

माझे वडील सुतार होते. मी रंध्याला हात लावला की ते तो काढून घेत आणि पुस्तक पुढे सरकवीत. मुलाने हत्यार धरू नये यासाठी त्यांनी जन्मभर हत्यार धरले. त्यांची ती इच्छा चुकीची होती असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु भाच्याच्या प्रश्नाला त्या रात्री माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. मी इतकेच म्हणालो की, उद्या रविवार आहे, बंजारला जाण्यापूर्वी एकदा लिंबायतला जाऊ.

गेलो. ताईने शिडी धरली. डांबराचे थर खरवडून आम्ही पत्रा उचलला, तेव्हा कळले की दोष पत्र्यात नव्हताच. खालचा वासा कुजून खचला होता, उतार मोडला होता, आणि तीन वर्षांचे पाणी त्या खळग्यात साचून खिळ्याच्या भोकातून उतरत होते. नवा वासा मिळाला. पण तो तासून खाचेत बसवायला वाकस हवा होता. वडिलांचा वाकस मी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, तो दुपारी काढला. पाते अजून चांगले होते. दांडा मात्र सुकून पात्यात सैल झाला होता, एका ठोक्यात निघून हातात आला.

"प्रोनेकेने अलास्कात हत्यारांची नुसती पाती नेली होती," भाचा म्हणाला, "दांडे त्याने तेथेच केले."

मग आम्ही दोघे ते पाते मध्ये ठेवून बसलो. दांडा कोणत्या लाकडाचा घालतात, हे आम्हां दोघांपैकी कोणालाच सांगता येईना.